पुलापलीकडचे एकशे बारा

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळा सुटून सात वर्षं झाली होती, पण हाताची सवय सुटली नव्हती. बोलता बोलता चिमटीत नसलेला खडू धरायचे आणि हवेत नद्या काढायचे. ज्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं इतिहास शिकवला ती दुसऱ्या शाळेत विलीन झाली, आणि त्या दुसऱ्या शाळेत इतिहासाचा शिक्षक आधीच होता. मास्तर घरी बसले. मग एक दिवस टायरच्या गोदामावरच्या तिसऱ्या मजल्यावरून फोन आला. तिथे तीस-पस्तीस मंडळी युद्धाचे व्हिडिओ गेम बनवत होती. अडतीस वर्षांपूर्वी उत्तरेला झालेल्या लढाईवर त्यांना एक गेम करायचा होता. कुठली पलटण कुठल्या दिवशी कुठल्या टेकडीवर होती हे तोंडपाठ असलेला माणूस शहरात एकच आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

तोंडपाठ असायला कारण होतं. मास्तरांचा दादा त्या लढाईतून परत आला नव्हता.

दादा शहरात बस चालवायचा. सव्वीस वर्षांचा होता, लग्नाला चौदा महिने झाले होते. लढाई अंगाशी आली तेव्हा सरकारने राखीव दल उभं केलं. शिंपी, कारकून, ड्रायव्हर, दुकानातले नोकर, जो सापडेल तो. तीन आठवड्यांचं शिक्षण. कुणाला बूट मोठे, कुणाला बंदूक जड. त्यांना न्यायला लष्कराकडे गाड्या नव्हत्या, म्हणून शहरातल्याच बसगाड्या घेतल्या, आणि दादा आपलीच बस घेऊन लढाईवर गेला.

पुढचं अधिकृत इतिहासात छापलेलं आहे. सैन्य माघार घेत नदीपाशी आलं. राखीव दलातले एकशे बारा जण पलीकडच्या अंगाला स्वतःच्या मर्जीने मागे थांबले. दोन दिवस त्यांनी शत्रूला अडवून धरलं. तेवढ्यात सैन्य पूल ओलांडून अलीकडे आलं. चार वाजून दहा मिनिटांनी शत्रूचे रणगाडे पुलाच्या तोंडाशी आले आणि आपल्या लोकांनी पूल उडवला. एकशे बारा जणांच्या नावांपुढे ‘बेपत्ता’ असा शिक्का बसला.

वहिनी त्याच घरात राहिल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, निवृत्त झाल्या, सासूचं शेवटपर्यंत केलं. पण नवऱ्याबद्दल चांगला शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही. स्मारकावर दरवर्षी कार्यक्रम व्हायचा, बोलावणं यायचं, त्या जायच्या नाहीत. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायच्या, “थांबायची हौस त्यांना होती. मला नाही.”

गेममध्ये तीन पक्ष होते. पक्षांची ताकद जोखायचं काम ज्याच्याकडे होतं त्या पोरगेल्या इंजिनियरला सगळे तराजू म्हणत. कुणी फार जड नको, कुणी फार हलका नको, हाच त्याचा दिवसभराचा ध्यास. एका सकाळी तो मास्तरांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

“मास्तर, उत्तरेकडच्यांचे रणगाडे दणकट आहेत, पण सुस्त. आपलं सैन्य चपळ आहे, पण त्याचा दारूगोळा लवकर संपतो. आता हे तुमचं राखीव दल. यांच्याकडे आहे काय?”

“बसगाड्या.”

“मास्तर, चेष्टा नको.”

“अरे, खरंच बसगाड्या होत्या.”

तराजू हसला. “प्रत्येक पक्षाला एक तरी काम असं यायला पाहिजे, जे दुसऱ्याच्या बापाला जमणार नाही. नाहीतर तो पक्ष घेऊन खेळेल कोण? हरायची हौस कुणाला आहे?”

हौस हा शब्द मास्तरांना लागला. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “ते थांबतात. बाकीचे मागे हटले तरी ते हटत नाहीत.”

तराजूने टेबलावर थाप मारली. “बस्स! मिळालं.”

तसंच झालं. वेढा पडला, रसद तुटली, की बाकीच्या दोन पक्षांचं मनोबल घसरायचं आणि राखीव दलाचं वाढायचं. वाढता वाढता त्यांचा मारा दुप्पट व्हायचा. कंपनीच्या मोठ्या बाईंना ही कल्पना इतकी आवडली की जाहिरातीच्या चित्रावर त्यांनी हाच पक्ष घेतला. खाली अक्षरं होती, ‘शेवटच्या माणसापर्यंत’. मास्तरांचा ऊर भरून आला. दादासाठी आपल्या हातून काहीतरी झालं असं त्यांना वाटलं, आणि ते कितीतरी वर्षांनी वाटलं.

दोन महिन्यांनी गेम चाचणीला गेला. तराजू आकडे घेऊन नाचतच आला. “तुमचा पक्ष हिट आहे, मास्तर! नऊशे अकरा डाव झाले. त्यातल्या आठशे चौऱ्याहत्तर डावांत लोकांनी राखीव दल पलीकडे ठेवलं, बाकीचं सैन्य अलीकडे आणलं आणि पूल उडवला.”

“त्यांना पलीकडे ठेवून?”

“हो मग. तीच बरोबर चाल आहे. मरताना दुप्पट मारतात, मग त्यांना परत आणून करायचं काय?”

शेजारच्या खोलीत चाचणी करणारी एक मुलगी कानाला हेडफोन लावून खेळत होती. मास्तर तिच्या मागे उभे राहिले. पडद्यावर नदीपलीकडे हिरवे ठिपके होते आणि एकेक करून विझत होते. मुलीचं तिकडे लक्षही नव्हतं. चहाचा घोट घेत ती म्हणाली, “यांना इथे ठेवायचं आणि विसरून जायचं. सोप्पं आहे, सर.”

मास्तर खोलीबाहेर आले. ही चाल आपणच शिकवली.

दुसऱ्या दिवसापासून ते ऑफिस उघडायच्या वेळेलाच यायला लागले. झाडणारी बाई केर काढत असायची आणि मास्तर कोपऱ्यातल्या संगणकावर राखीव दल घेऊन बसलेले असायचे. त्यांना एकच करायचं होतं. एकशे बाराही जणांना पुलाअलीकडे आणायचं. लवकर निघावं तर फळी फुटून सगळं सैन्यच बुडायचं. उशिरा निघावं तर रणगाडे वाटेतच गाठायचे. अर्धे पाठवावेत तर उरलेले अर्धे घटकाभरात संपायचे. साठ डाव झाले, सत्तर झाले. एकदा एकतीस ठिपके पुलावरून आले आणि मास्तर इतक्या जोरात ओरडले की झाडणारी बाई केरसुणी टाकून धावत आली. पण एकतीसच. जेवण जाईना. घरी वहिनींनी विचारलं, “भाऊजी, तब्येत बरी आहे ना?” ते नुसते हं म्हणाले.

शेवटी तराजूलाच दया आली. “मास्तर, आपण वेळा अंदाजाने घातल्यात. तुमच्याकडे खरे कागद आहेत ना? खऱ्या वेळा घाला. बघू काय होतं.”

मास्तरांनी घरची ट्रंक आणली आणि मीटिंगच्या टेबलावर वीस वर्षांचे झेरॉक्स पसरले. पुस्तकात ‘दुपारच्या सुमारास’ लिहून भागतं. गेमला भागत नाही. प्रत्येक गाडी कुठल्या मिनिटाला कुठे होती हे त्याला सांगावंच लागतं. त्या ढिगात बिनतारी संदेशांच्या नोंदवहीचं एक पान होतं. ‘तेरा वाजता राखीव दलाने जागा सोडावी व पूल ओलांडून परत यावे. पोच मिळाली.’ हे पान मास्तरांनी शंभरदा वाचलं होतं. नदीच्या पूर्वेकडच्या उताराशी राखीव दलाची दुसरी एक तुकडी होती, हा हुकूम तिचा असणार, असं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. आज नकाशावर ती तुकडी बसवताना त्यांचा हात थांबला. पूर्वेच्या उताराशी पूल नव्हताच. तिथे एरवी लोक गुडघाभर पाण्यातून जात.

त्यांनी हुकूम दादाच्या तुकडीला लावला. चार बसगाड्या. निघायची तयारी धरून एक वीस. एकोणीस किलोमीटर कच्चा रस्ता. तराजूने डाव चालू केला. पडद्यावर चार चौकोन नदीच्या दिशेने सरकायला लागले. शत्रूचे रणगाडे अजून पुलापासून पंचवीस किलोमीटर मागे होते. दोन वाजून दहा मिनिटांनी पहिली बस पुलावर आली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी. एकशे बारा ठिपके अलीकडे.

“जिंकलात की हो, मास्तर!” तराजूने टाळ्या पिटल्या. मग त्याने मास्तरांचा चेहरा बघितला आणि त्याचे हात तसेच राहिले.

“पूल चार दहाला उडवला,” मास्तर म्हणाले. “हे दोन दहाला पोचतात. दोन तास आधी. मग ते आले का नाहीत?”

पूल उडवणारा सुरुंगवाला अधिकारी अजून हयात होता. निवृत्त सैनिकांच्या आश्रमात, नाकात ऑक्सिजनची नळी घालून, खिडकीशी बसलेला असायचा. मास्तर सकाळी दहाला गेले. त्यांनी आधी ओळख सांगितली, मग नोंदवहीचं पान म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्याने चष्मा शोधला नाही.

“कुणाचे तुम्ही?” त्याने विचारलं.

“धाकटा भाऊ. दादा बस चालवायचा.”

म्हाताऱ्याने पान उलटं करून मांडीवर ठेवलं. मग बोलायला लागला, आणि मधे मधे दम घ्यायला थांबत राहिला.

“पलीकडे धूळ दिसली की उडवा, असा हुकूम होता. राखीव दलाला परत बोलावलंय हे आम्हाला कुणी कळवलंच नाही. मला धूळ दिसली. मी दट्ट्या दाबला.”

“किती वाजता?”

“दोन वाजून बारा मिनिटं. घड्याळ बघितलं होतं मी. रिपोर्टात लिहावं लागतं.” त्याने ओठ ओले केले. “धूळ बसल्यावर पाटी दिसली. बसच्या कपाळावरची पाटी. लढाईवर जाताना ती कुणी काढलीच नव्हती.”

मास्तरांनी खुर्ची जवळ ओढली.

“पहिल्या बसचा ड्रायव्हर खाली उतरला. तुटलेल्या टोकापर्यंत चालत आला. मला वाटलं, शिव्या घालेल. त्याने हात केला. सुटलेल्या बसला मागून करतात ना, तसा. त्यांना वाटत होतं, आमच्याकडे काहीतरी असेल. होडी, दोर, काहीतरी. नदी चढलेली होती, उतारही पाण्याखाली गेला होता. काही जणांनी उड्या टाकल्या. बाकीचे बसून राहिले. दोन तास. चार दहाला रणगाडे आले.”

“आणि रिपोर्ट?”

“वरून सांगितलं, चार दहा लिही. मी लिहिलं.”

मास्तरांना त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं. यातलं त्यांनी काहीच केलं नाही. “इतकी वर्षं तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“कुणी विचारलं नाही,” म्हातारा म्हणाला. “तुम्ही पहिले.”

जबाब लिहून द्यायला तो तयार झाला. सही करताना पेन दोनदा सुटलं आणि नाव तीन ओळींत गेलं.

घरी वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मास्तरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बसलो तर बोलता येणार नाही असं त्यांना वाटत होतं. वहिनींनी हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली, मोडली, परत घातली.

“म्हणजे ते थांबले नव्हते?”

“नाही.”

“परत येत होते?”

“हो, वहिनी. पुलापर्यंत आले होते.”

“ड्रायव्हर उतरला म्हणालात. कुठल्या नंबरची बस?”

“त्यांना आठवत नाही. मी दोनदा विचारलं.”

वहिनी खाली बसल्या, कपड्यांच्या ढिगावरच. “मी काय काय बोलले हो त्यांना, भाऊजी. अडतीस वर्षं. भाजी चिरताना, अंघोळ करताना, बसच्या रांगेत. म्हटलं, घरी बायको आहे, लग्नाला वर्ष झालंय, आणि तुम्हाला तिथे मोठेपणा सुचतो? एक दिवस सोडला नाही मी.” त्यांनी तोंडावर पदर धरला, पण आवाज बाहेर आलाच. “ते बिचारे येत होते, आणि मी भांडत होते.”

मास्तरांना त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. चाळीस वर्षांत तशी रीत पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. बाईंनी जबाब दोनदा वाचला. बाई दगड नव्हत्या, त्यांचे डोळे भरले. पण गेम बाजारात यायला तीन आठवडे उरले होते.

“मास्तर, लष्कराच्या कचेरीने आपली गोष्ट मंजूर केलीय. जाहिरात गेलीय. आणि पुरावा म्हणजे नळी लावलेल्या एका म्हाताऱ्याचा शब्द.”

“आणि नोंदवही. आणि तुमचाच गेम. त्यानेच दाखवलं ना?”

“खरं सांगू? लोकांना पुलापाशी थांबलेले शूर हवेत. सोडून दिलेले कुणाला बघायचेत?”

“मग तो पक्ष काढून टाका.”

“आता नाही जमणार, मास्तर.”

मास्तर जागेवर आले. आयुष्यात त्यांनी परीक्षेचा एक गुणसुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता. त्या दुपारी त्यांनी राखीव दलाच्या आकड्यांचा तक्ता उघडला आणि वेढ्यात वाढणारं मनोबल पुसून टाकलं. त्या जागी लिहिलं की तेरा वाजले की ही तुकडी पुलाकडे वळेल, मग खेळाडू काहीही सांगो.

संध्याकाळी तराजू आला. “मास्तर, तुमची माणसं माझं ऐकत नाहीत. सगळी पुलाकडे पळत सुटलीत.”

“पळत नाहीत रे. परत येताहेत.”

तराजूने मास्तरांच्या पडद्याकडे पाठ केली. “मी काही बघितलं नाही,” तो म्हणाला आणि निघून गेला. पण चाचणी करणाऱ्यांनी बघितलं. दोन दिवसांत चाळीस तक्रारी आल्या की राखीव दल बिघडलंय, सांगितल्या जागी थांबत नाही. तिसऱ्या दिवशी आकडे पूर्ववत झाले आणि मास्तरांच्या टेबलावर एक गोड भाषेतलं पत्र आलं. तराजूने त्यांची ट्रंक गोदामाच्या फाटकापर्यंत वाहून आणली.

मास्तर आणि वहिनींनी लष्कराच्या नोंदणी कचेरीत अर्ज दिला. वेळ दुरुस्त करावी, आणि एकशे बारा जण हुकमाप्रमाणे परत येत होते असं लिहावं, एवढंच मागणं. सात आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. तारखेच्या आठ दिवस आधी आश्रमातून फोन आला. सुरुंगवाला गेला होता.

कचेरीतला अधिकारी सभ्य होता. त्याने वहिनींना खुर्ची दिली. “जबाब आहे, पण साक्षीदार नाही. ही सही, माफ करा, सहीसारखी दिसतसुद्धा नाही. त्यांची पूर्वीची सही आमच्याकडे रिपोर्टावर आहे, आणि तिथे चार दहा लिहिलंय.” त्याने कागद परत सरकवले.

बाहेर रस्त्याच्या कडेच्या भिंतीवर गेमचं मोठं चित्र लागलेलं होतं. संगीन रोखलेले चार उग्र जवान. त्यांच्यात शिंप्यासारखा, कारकुनासारखा कुणीच दिसत नव्हता. वहिनी ते बघत उभ्या राहिल्या. मास्तरांना वाटलं, आता या कोसळणार.

“बाकीच्यांच्या घरी कुणी सांगितलं का?” वहिनींनी विचारलं.

“कोण सांगणार? कुणाला माहीतच नाही.”

“यादी आहे ना तुमच्याकडे? पत्ते?”

“जुने आहेत, वहिनी. अडतीस वर्षांपूर्वीचे.”

“असू देत.”

त्याच दिवसापासून त्यांनी सुरुवात केली. पहिलं घर एका शिंप्याच्या बहिणीचं. तिने सगळं ऐकलं, दोघांना पाणी दिलं आणि विचारलं की तिच्या भावाला पोहता येत नव्हतं, तर त्यानेही उडी टाकली का. मास्तरांनी पेला रिकामा करून खाली ठेवला. दुसऱ्या पत्त्यावर दवाखाना झाला होता. तिसऱ्या घरातल्या मुलाला आजोबांचं नाव माहीत नव्हतं. गेममधलं राखीव दल माहीत होतं, भारी आहे म्हणाला.

चौथ्या घरी नव्वदीच्या पलीकडचा एक बाप काठी टेकत दारात आला. मुलगा कारकून होता, नुकता नोकरीला लागलेला. मास्तर बोलायला लागले. म्हाताऱ्याने अर्ध्यातच काठी आपटली.

“माझा मुलगा थांबला होता. दोन दिवस. सरकारने लिहून दिलंय मला.”

“हो, काका, दोन दिवस लढलेच ते. पण मग हुकूम आला आणि—”

“पळाला नव्हता तो! चालते व्हा!”

दार धाडकन बंद झालं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मास्तर जिन्याकडे वळले. त्यांच्यात आता काही शिल्लक नव्हतं. सुधारायला गेले आणि ज्याच्या आधारावर म्हातारा उभा होता तेच काढून घेतलं. वहिनी मात्र दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी बंद फळीजवळ तोंड नेलं.

“काका, पळाला नाही हो तुमचा मुलगा. घरी यायला निघाला होता. तेवढंच सांगायचं होतं.”

वहिनी थांबल्या. जिन्यातून एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर गेली, दोघांकडे वळून वळून बघत. मग दारापलीकडे काठी घसरून पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून म्हाताऱ्याचा आवाज. तो रडत होता की कुणाला हाका मारत होता, ते कळेना. वहिनींनी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मास्तरांनी कडीच्या बाजूने खांदा लावून बघितला, दार हललं नाही. शेवटी पायरीवर बसून दोघांनी अर्धा तास वाट बघितली. आतला आवाज हळूहळू थकला, मग काठीची टकटक आत दूर गेली. कडी मात्र निघाली नाही.

पाचवा पत्ता दोन गल्ल्या सोडून होता. वहिनींनी गुडघ्यावर हात देऊन स्वतःला उठवलं.